गिटार मान टाकते तेव्हा

पालघर स्टेशनातून पश्चिमेला निघालं की माहीम, केळवे, शिरगाव, सातपाटी हा सगळा किनारा लग्नसराईत रात्रीचा जागा असतो. (मुंबईतलं माहीम वेगळं, हे पानवेलींच्या वाड्यांचं माहीम.) हळदीच्या मांडवापुढे बेंजो पार्टी उभी राहते. बेंजो, कच्छी ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड असा थाट असतो आणि अलीकडे कोपऱ्यात एखादा इलेक्ट्रिक गिटारवालाही दिसतो. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड स्टँडवर असतात, गिटार मात्र तीन-तीन, चार-चार तास खांद्यावर. त्या पोराकडे नीट बघा. पाण्याची बाटली घ्यायला त्याने डावा हात नेकवरून काढला, की गिटारचं डोकं हळूच जमिनीकडे झुकतं. गिटार मान टाकते. मग डाव्या हाताला दोन कामं लागतात, सूर दाबायचे आणि वाद्यही तोलून धरायचं. दुसरं काम त्याचं नाही. मनगट दुखायला लागतं ते तिथून.

मान टाकण्यावर नाना उपाय सांगितले जातात. त्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय डोक्याच्या टोकाशी असतो. तार पिळायच्या खुंटीला बोटांत धरायचं जे बटण असतं, ते हलकं करायचं. बोटाच्या पेराएवढी सहा बटणं बदलून असं काय साधणार, अशी शंका येणं साहजिक आहे. साधतं ते मोजता येतं, आणि कुठे साधत नाही तेही.

आधी गिटार मान का टाकते ते पाहू. पट्टा दोन पिनांना अडकतो, एक बॉडीच्या मागच्या टोकाला आणि दुसरी पुढे, नेकच्या बाजूला. गिटारचा गुरुत्वमध्य या दोन पिनांच्या मध्ये, पुढच्या पिनेपासून पुरेसा मागे असेल, तर वाद्य जागच्या जागी राहतं. तो पुढच्या पिनेच्या जवळ सरकला की तोल नाजूक होतो आणि पिनेच्या पुढे गेला की नेक खाली येणारच. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला वरच्या बाजूने लांब शिंग आहे. पट्ट्याची पिन त्याच्या टोकावर, म्हणजे जवळजवळ बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूपट्टीच्या) रेषेत येते, त्यामुळे स्ट्रॅट सहसा मान टाकत नाही. गिब्सनची एसजी मात्र या बाबतीत बदनाम आहे. ती १९६१ मध्ये आली. बॉडी पातळ, शिंगं आखूड आणि पुढची पिन नेक जिथे बॉडीला मिळते तिथे मागच्या अंगाला. त्या पिनेपुढे जवळजवळ सगळी नेक आणि अख्खं डोकं लोंबत असतं. बाजारात सात-आठ हजारांत मिळणाऱ्या, शिंगं असलेल्या कितीतरी गिटारी याच घाटाच्या असतात. त्यांची बॉडी हलक्या लाकडाची आणि खुंट्या मात्र जाडजूड ओतीव. मग दुखणं दुप्पट होतं.

कावड वाहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. काठीच्या लांब टोकाला अडकवलेली थोडीशी वस्तू खांद्याजवळच्या मोठ्या ओझ्याला भारी पडते. वजन किती आहे याइतकंच ते खांद्यापासून किती लांब आहे यालाही महत्त्व असतं. गिटारच्या बटणांचं तेच. गिटारवर त्यांच्याहून लांब दुसरं काहीच नसतं.

आता हिशेब करू. खुंटीचं बटण साधारण दीड घनसेंटिमीटरचं आणि भरीव आहे असं धरू. ओतीव खुंट्यांची बटणं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि त्यावर क्रोमचा मुलामा असतो. या धातूची घनता ६.६ च्या आसपास, म्हणजे एक बटण १० ग्रॅमचं आणि सहा मिळून ६० ग्रॅम. पितळेची घनता ८.५, ती आणखी जड. अ‍ॅल्युमिनियमची २.७, त्यामुळे सहा बटणं २४ ग्रॅमच्या आसपास. साध्या एबीएस प्लॅस्टिकची घनता जेमतेम पाण्याइतकी, सहा बटणं १० ग्रॅमच्या आत. आबनूस हे काळं लाकूड पाण्यात बुडण्याइतकं जड, तरी प्लॅस्टिकपेक्षा फार नाही. हाड प्लॅस्टिकच्या जवळजवळ दुप्पट, शिंग या दोघांच्या मधलं.

म्हणजे जस्ताकडून प्लॅस्टिककडे गेलं की ५० ग्रॅम वाचतात. तीन किलोच्या गिटारमधून ५० ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण ते कुठून गेले ते पाहा. गुरुत्वमध्यापासून बटणं ५५ ते ६० सेंटिमीटर लांब असतात. तिथून ५० ग्रॅम काढले की अख्ख्या गिटारचा गुरुत्वमध्य बॉडीकडे जवळपास एक सेंटिमीटर सरकतो. पिनेच्या जरासाच पुढे लोंबणारा तोल तेवढ्याने मागे येतो. हाच परिणाम बॉडीच्या टोकाला शिसं चिकटवून हवा असेल तर ८० ग्रॅम शिसं लागेल, आणि गिटार तेवढी जड होईल ते वेगळंच.

ही आकडेमोड करताना एक गोष्ट लगेच नजरेत भरते. जस्त ते अ‍ॅल्युमिनियम हा फरक मोठा आहे. अ‍ॅल्युमिनियम ते प्लॅस्टिक हा पुढचा फरक सहा बटणांत मिळून जेमतेम १५ ग्रॅमचा. आबनूस आणि प्लॅस्टिक यांत तर वजनाने निवड करण्यासारखं काही उरतच नाही. तरी लोक ग्रॅम-ग्रॅमवरून वाद घालतात. जस्त एकदा गेलं की वजनाचा मुद्दा संपला. पुढची निवड हवामान, बोटं आणि दांड्याचं माप यांवर करायची. शिवाय सगळी धातूची बटणं भरीव नसतात, काही आतून पोकळ असतात आणि आधीच हलकी असतात. म्हणून खरेदीआधी एक बटण काढून सराफाच्या काट्यावर ठेवावं. पालघरच्या बाजारपेठेत असे काटे पावलोपावली आहेत, आणि ते चार ग्रॅमचं भरलं तर घरी परत यावं.

इतकं हलकं बटण तारेचा ताण सोसेल का? याचं उत्तर मिरजेच्या तंबोऱ्याजवळ उभं राहिलं की चांगलं समजतं. मिरजेत १८५० च्या सुमाराला फरीदसाहेब सितारमेकर यांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. हे घराणं मूळचं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. तिथली सतार आणि तंबोरा या दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या तंबोऱ्याची खुंटी म्हणजे नुसतं निमुळतं लाकूड. भोकात घट्ट बसलेली, घर्षणावर थांबलेली. मध्ये दाता नाही की चक्र नाही. खुंटी जेवढी फिरवाल तेवढीच तार गुंडाळली जाते, म्हणून तारेचा सगळा ओढा थेट मनगटावर येतो आणि म्हणूनच खुंटीचं डोकं मुठीत मावेल एवढं मोठं लागतं. खुंटी घसरू नये म्हणून तिला खडू लावायचा आणि बारीक सूर मिळवायला तारेतला मणी सरकवायचा. तंबोरा मांडीशी उभा धरला जातो, खुंट्यांचं वजन खाली जमिनीकडेच जातं, म्हणून त्या हलक्या असाव्यात असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.   

गिटारच्या खुंटीत मात्र मधे मळसूत्र आणि दातेरी चक्र असतं. चौदास एक प्रमाणाच्या खुंटीत बटणाची पूर्ण फेरी झाली की तार गुंडाळणारा खांब सुमारे २६ अंश फिरतो, अठरास एकमध्ये नेमका २०. पहिल्या तारेचा ओढा साधारण सहा किलोचा. खांबाची त्रिज्या तीन मिलिमीटर धरली, प्रमाणाने भागलं आणि मळसूत्राच्या घर्षणापोटी तिप्पट जोर लागतो असं मानलं, तरी बटणाच्या कडेवर अर्धा किलोहूनही कमी जोर येतो, तोही अंगठा आणि तर्जनीत वाटून. प्लॅस्टिक हे सहज सोसतं. शिवाय मळसूत्राची रचनाच अशी की खांबाकडून बटण उलटं फिरवता येत नाही. तारा कितीही ओढोत, बटणापर्यंत त्यांचा जोर पोचतच नाही. म्हणूनच बटण हलकं केल्याने सूर जास्त टिकतो हे विक्रेत्याचं म्हणणं सोडून द्यावं. सूर टिकतो तो दात्यांच्या घट्ट बसणीवर, तार गुंडाळण्याच्या पद्धतीवर आणि नटच्या, म्हणजे डोक्याजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचांवर. बटणाचा त्याच्याशी संबंध नाही.

बटण मोडतं ते दोन प्रसंगांत, गिटार डोक्यावर पडली तर किंवा स्क्रू अति आवळला तर. दुसरा प्रसंग जास्त वेळा घडतो.

आता माहीमच्या हवेकडे येऊ. इथे खरी निवड होते. समुद्रावरून येणारी खारी दमट हवा क्रोमच्या मुलाम्याखाली शिरते. जस्ताच्या बटणावर आधी बारीक फोड येतात, मग मुलामा सुटतो आणि आतून पांढरी भुकटी निघते. ज्याच्या गिटारची बटणं अशी झाली आहेत, त्याने वजनाचा विचार न करताही ती बदलावीत. अ‍ॅल्युमिनियम चांगलं टिकतं, पण ते अ‍ॅनोडाइज केलेलं हवं. अ‍ॅल्युमिनियमच्या बटणात पोलादी स्क्रू आणि पोलादी दांडा असे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि वर्षा-दोन वर्षांनी स्क्रू हलत नाही. बसवतानाच स्क्रूला ग्रीसचा ठिपका लावावा आणि मधला नायलॉनचा वॉशर हरवू देऊ नये. या दोन गोष्टी केल्या की पुढचा त्रास वाचतो.

आबनूस दिसायला सगळ्यांत देखणं, बोटांना कोरडं आणि उबदार. पण लाकूड पावसाळ्यात ओलावा घेतं, उन्हाळ्यात सोडतं. बटणातलं भोक गोल नसतं, दांड्याच्या आकाराप्रमाणे सपाट बाजूंचं असतं. तडा नेहमी त्या भोकाच्या कोपऱ्यातून सुरू होतो आणि रेषेरेषेने काठापर्यंत येतो. आबनुसाची बटणं घ्यायचीच तर रेषा भोकाला समांतर आहेत की आडव्या, ते हातात घेऊन बघावं आणि स्क्रू बेतानेच आवळावा.

प्लॅस्टिकला गंज नाही की फुगणं नाही. त्याची कीर्ती बिघडवली ती जुन्या काळच्या प्लॅस्टिकने. शिकागोच्या क्लूसन कंपनीच्या खुंट्यांवर गिब्सनच्या गिटारींना ट्यूलिपच्या आकाराची हिरवट-पिवळी बटणं असत. ती पन्नास-साठ वर्षांत आक्रसली, सुरकुतली आणि बोटांत चुरा होऊ लागली. जुन्या गिटारींच्या शौकिनांना हा चुरा चांगला परिचयाचा आहे. आजचं एबीएस तसं वागत नाही. त्याचा शत्रू वेगळा आहे. डास पळवणाऱ्या काही मलमांत डीट नावाचं रसायन असतं, ते प्लॅस्टिक मऊ करतं आणि गिटारच्या लॅकरवरही बोटांचे ठसे कायमचे उमटवतं. माहीमच्या वाडीत संध्याकाळी डासांशिवाय वाजवणं होत नाही, तेव्हा मलम लावल्यावर हात धुऊन गिटार उचलावी. मला विचाराल तर या किनाऱ्यावर साधं एबीएस हेच पहिलं उत्तर आहे. दिसण्याचा हट्ट असेल तर अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम.

हल्ली बटणं थ्री-डी प्रिंटरवर काढून घेण्याची टूम आहे. एकच सांगायचं, ती पीएलएची नकोत. हे प्लॅस्टिक साठेक अंशांना नरम पडतं आणि मे महिन्यात काचा बंद करून उभ्या ठेवलेल्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. बोईसरला औद्योगिक वसाहत हाताशी असल्यामुळे दुसरी कल्पनाही डोक्यात येते, एखाद्या टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियमची बटणं फिरवून घ्यावीत. लेथवर बाहेरचा आकार पाच मिनिटांत होतो. अडतं ते आतल्या सपाट बाजूंच्या भोकापाशी. ते लेथवर होत नाही, घासून किंवा ब्रोच मारून करावं लागतं. सहा बटणांसाठी एवढी उठाठेव मैत्रीखात्यात झाली तर ठीक, पैसे मोजून करायची नाही.

माप हा भाग कंटाळवाणा आहे, पण परत पाठवण्याची वेळ सगळ्यांत जास्त त्याच्यामुळेच येते. बटणं दोन तऱ्हांनी बसलेली असतात. ग्रोव्हर, शॅलर, गोटो या धाटणीच्या बंदिस्त खुंट्यांत बटणाच्या टोकाला छोटा स्क्रू असतो, तो काढला की बटण हातात येतं. क्लूसन धाटणीत बटण दांड्यावर दाबून बसवलेलं असतं. तिथे प्लॅस्टिकचं बटण बदलायचं तर जुनं काढून दांडा सोल्डरिंग आयर्नने तापवायचा आणि नवं बटण सरळ रेषेत दाबायचं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने जुन्या, निकामी खुंटीवर करून बघावं. धातूचं बटण दाबून चेपलेलं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्क्रूच्या खुंट्यांतही सगळ्यांचे दांडे सारखे नसतात. ग्रोव्हरचं बटण गोटोच्या दांड्यावर बसेलच असं नाही. दांड्याची सपाट बाजूंतली जाडी, रुंदी आणि बटणात शिरणारी लांबी अशी तीन मापं व्हर्निअरने घ्यावीत. मुंबईत धोबी तलावाच्या, १८६५ मध्ये सुरू झालेल्या फुर्ताडोजसारख्या दुकानात जायचं असेल, तर एक खुंटीच खिशात घालून चर्चगेटची गाडी पकडावी. दुकानात तोंडी वर्णन करण्यापेक्षा ते सोपं. स्क्रू आपलाच वापरावा, नव्या बटणाबरोबर आलेल्या स्क्रूचे आटे वेगळे असू शकतात.

आकाराचंही थोडं. बटण फार लहान घेतलं तर वजन वाचतं, पण घामेजल्या बोटांत ते निसटतं. हळदीच्या रात्री बोटं कोरडी कुठून असणार? मधे किंचित खोलगट आणि कडेने थोडं रुंद बटण चांगलं. अगदी गुळगुळीत चकचकीत नको.

आता सगळ्यांत उपयोगी गोष्ट, जी एक पैसाही न खर्चता करता येते. बॅगांचं वजन करायचा छोटा लटकता काटा घ्या. गिटार नेहमीच्या पट्ट्याने, नेहमीच्या शर्टावर गळ्यात अडकवा. नटजवळ सुतळीचा फास टाकून काटा अडकवा आणि मित्राला सांगा, नेक वाजवताना असते त्या कोनात वर उचलून धर. काट्यावर जो आकडा येईल तेवढं वजन तुमचा डावा हात रात्रभर उगाच उचलत असतो. एसजीसारख्या गिटारवर जस्ताची बटणं जाऊन प्लॅस्टिकची आली, की या आकड्यातून साधारण ६० ग्रॅम वजा होतात. आकडा ६० किंवा त्याखाली असेल तर बटणांनी काम भागलं. १५० असेल तर बटणं अर्धं दुखणंही दूर करणार नाहीत.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर सहाही बटणं स्क्रू काढून उतरवा, स्क्रू वाटीत ठेवा आणि तशीच गिटार गळ्यात घाला. मळसूत्रामुळे तारा ढिल्या पडणार नाहीत, सूर मोडणार नाही. शून्य वजनाची बटणं बसवल्यावर गिटार कशी वागेल ते तुम्ही बघताय. यापेक्षा हलकी बटणं जगात मिळत नाहीत. तरीही ती मान टाकत असेल तर बटणांसाठी पैसे काढू नका.

मग काय करायचं? आधी पट्टा बदला. नायलॉनचा गुळगुळीत पट्टा खांद्यावरून घसरतो, आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा शर्टाला धरून राहतो आणि घर्षणाने बराच भार स्वतःवर घेतो. गुळगुळीत सॅटिनचा कुर्ता घालून वाजवणाऱ्याला पट्टाही वाचवू शकत नाही, हे मांडवात अनेकदा दिसतं. पुढची पायरी म्हणजे अख्ख्या खुंट्या बदलणं. ओतीव बंदिस्त सहा खुंट्यांचा संच पाव किलोच्या आसपास जातो, क्लूसन धाटणीचा उघडा संच त्याहून बराच हलका. पण ओतीव खुंट्यांसाठी डोक्यात १० मिलिमीटरची भोकं असतात आणि क्लूसनला त्याहून लहान लागतात, म्हणून मध्ये भोक लहान करणाऱ्या बुश घालाव्या लागतात. बेसवाल्यांना तर याच वाटेने जावं लागतं. बेसच्या खुंट्या इतक्या जड की नुसत्या बटणांनी फरक पडत नाही. १९६३ ची गिब्सन थंडरबर्ड बेस मान टाकण्यासाठी नावाजलेली आहे. नेड स्टाइनबर्गरने १९८० च्या सुमाराला बेसचं डोकंच कापून टाकलं आणि तारा पिळायची सोय बॉडीच्या मागच्या टोकाला नेली. तोलाचा प्रश्न मुळापासून मिटला. ती बेस दिसायला कशी झाली यावर मात्र आजही दोन तट आहेत.

डोकं हलकं केल्याने आवाज पातळ होतो, असं काही वादक छातीठोक सांगतात. डोक्यावर वजन वाढवणारी क्लिपसुद्धा विकत मिळते. त्यात तथ्य एवढंच की डोक्याचं वस्तुमान बदललं की नेकची स्वतःची कंपनं थोडी सरकतात आणि ज्या एखाद्या फ्रेटवर सूर लवकर मरतो, ती जागा एका फ्रेटने इकडेतिकडे होऊ शकते. पन्नास ग्रॅमने आवाजाचा पोत बदलला हे मांडवातल्या स्पीकरमधून ओळखून दाखवणारा कान असेल तर त्याला माझा नमस्कार.

नवी बटणं बसवताना स्क्रू बटणाला टेकला की पाव फेरी आणखी, बास. बऱ्याच खुंट्यांत हाच स्क्रू बटण किती जड फिरावं तेही ठरवतो. ढिला राहिला तर बटण खुळखुळतं आणि पिकअपपर्यंत तो आवाज जातो, जास्त आवळला तर आबनूस तडकतं. आठवड्याने पुन्हा एकदा बघावा, कारण नवं प्लॅस्टिक थोडं दबतं. काढलेली जस्ताची बटणं डबीत ठेवावीत. गिटार विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मूळची बटणं मागतंच.